वापरातील स्मृती : मराठवाड्यातील गृहवस्तू, नित्यकर्मे आणि आप्तस्मरण

मृत अथवा दुरावलेल्या आप्ताची स्मृती माणूस कोठे जतन करतो, असा प्रश्न केल्यास सामान्यतः छायाचित्र, पत्रे, समाधी किंवा स्मारक यांची नावे घेतली जातात. परंतु ज्या समाजातील बहुसंख्य स्त्रीपुरुषांना गेल्या दोनतीन पिढ्यांपर्यंत अक्षरओळख नव्हती, छायाचित्र काढून घेण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या घरी स्मृतीची साधने निराळी असली पाहिजेत हे उघड आहे. लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड आणि त्याच्या आसपासचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून या साधनांचे स्वरूप कोणते, आणि अभ्यासकाने त्यांची नोंद कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ याने जडद्रव्य आणि स्मृती यांवरील आपल्या १८९६ च्या ग्रंथात स्मृतीचे दोन प्रकार मानले आहेत. पाठ केलेला धडा आपण म्हणतो तेव्हा ती सवयीची, शरीरात मुरलेली स्मृती होय. तोच धडा अमुक दिवशी अमुक ठिकाणी वाचला होता हे आठवते तेव्हा ती प्रतिमारूप स्मृती होय. पुढे आल्ब्वाक्स याने १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले की, व्यक्तीची स्मृतीदेखील कुटुंब, धर्म, वर्ग इत्यादी सामाजिक चौकटींच्या आधारानेच उभी राहते. आपल्या घरांतील वस्तूंकडे या दृष्टीने पाहता एक गोष्ट ध्यानात येते. येथे स्मरण हे बहुधा बाजूला काढून जपलेल्या वस्तूत नसते. ते रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूत आणि ती हाताळण्याच्या रीतीत असते. सवयीची स्मृती हीच प्रतिमारूप स्मृतीला हाक मारते. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ ही आपली म्हण नेमके हेच सांगते.

१. भांड्यावरील नाव

पितळी वा तांब्याचे भांडे विकत घेताना त्यावर नाव घालून घेण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. टोकदार हत्याराने व लहान हातोडीने टिंबाटिंबांनी कोरलेली ही अक्षरे घागर, कळशी, परात, तांब्या, घंगाळ यांच्या काठावर किंवा पोटावर आढळतात. त्यांचे मुख्यतः तीन प्रकार दिसतात : केवळ मालकाचे नाव, आहेरातील भेटीचा उल्लेख, आणि ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’ असा लेख. तिसरा प्रकार तर उघड स्मारकच होय. मात्र हे स्मारक चौथऱ्यावर उभे नसून पाणवठ्यावर जाते, चुलीवर चढते आणि राखेने वा चिंचेने घासले जाते.

येथे एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. भांड्यावर नाव बहुधा कर्त्या पुरुषाचे असते; परंतु ते भांडे आयुष्यभर हाताळते ती घरातील स्त्री. तिचे नाव आलेच तर आहेराच्या निमित्ताने येते. म्हणजे कोरलेला लेख एकाचे स्मरण देतो, तर काठाला पडलेला पोचा, झिजलेली कड आणि पुसट होत गेलेली अक्षरे दुसऱ्याचे. केवळ लेख वाचणाऱ्या अभ्यासकाच्या हाती या स्मृतीचा अर्धाच भाग लागतो.

कालनिर्णयासंबंधीही सावध राहावे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता आणि तेथे दफ्तरी फसली सन चालत असे. जुन्या भांड्यावर तेराशेच्या घरातील आकडा आढळल्यास तो फसली सन असण्याचा संभव तपासावा. त्यात ५९० मिळविले असता इसवी सनाचे स्थूल वर्ष मिळते. अठराशेच्या घरातील आकडा शकाचा की इसवी सनाचा, हे कुटुंबाच्या वंशावळीवरून ताडून पाहावे.

२. वाकळ

जुनेराचा उपयोग करून शिवलेली वाकळ अथवा गोधडी हे दुसरे उदाहरण होय. विरलेली लुगडी, धोतरे, मुलांची लहान झालेली अंगडी यांचे थर एकावर एक घालून धाव्या टाक्याने त्या एकत्र शिवतात. काही घरांत मृताचे कपडे देऊन टाकण्याची रीत आहे. तरी आईचे मऊ झालेले एखादे लुगडे वाकळेत घातले जाते आणि नातवंडे त्यावर निजतात. अशा वाकळेचे वय सांगता येत नाही, कारण ती फाटत जाते तसा तिला नवा थर चढत जातो. तिच्यातील कोणते ठिगळ कोणाच्या वस्त्राचे, हे मात्र शिवणारीला अचूक ठाऊक असते. आणि तिने ते सांगितले तरच पुढील पिढीला कळते. वस्तू टिकते, पण तिची वाचा सांगणाऱ्यावर अवलंबून असते, हा धडा वाकळेपासून घ्यावयाचा.

३. जाते आणि ओवी

जात्याच्या बाबतीत वस्तू, कृती आणि शब्द ही तिन्ही एकत्र आलेली दिसतात. पहाटे उठून ज्वारी दळणारी सासुरवाशीण ओवीतून आईला, बापाला, भावाला हाक मारी. त्यांपैकी कोणी जिवंत असे, कोणी नसे. ओवी तो भेद फारसा मानीत नाही. ही ओवी तिने बहुधा आईसमोर खुंट्याला हात लावूनच ऐकलेली असे. त्यामुळे आईविषयीची ओवी म्हणणे आणि आईने शिकविलेली ओवी म्हणणे ही दोन्ही स्मरणे एकाच फेऱ्यात होत.

या वाङ्मयाकडे साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या संग्रहाद्वारे लक्ष वेधले होते. त्यानंतरचे सर्वांत विस्तृत संकलन हेमा राईरकर व गी प्वात्व्हँ यांनी उभारले. त्यांच्या व सहकाऱ्यांच्या परिश्रमातून मराठवाड्यासह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. प्वात्व्हँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. पुढे २०१७ पासून ग्रामीण भारताच्या एका सार्वजनिक संग्रहाने हा ठेवा वाचकांसमोर आणावयास प्रारंभ केला. या कार्याचे विशेष असे की, ओवीसोबत ती गाणारीचे नाव व गाव यांचीही नोंद झाली. भांड्यावर जिला नाव मिळाले नाही, तिला ते येथे मिळाले.

पिठाची गिरणी आल्यावर घरोघरची जाती थंडावली. दळणाचे कष्ट संपले हे इष्टच झाले. त्या कष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु जात्याला टाकी लावणे थांबले, दगड अंगणात पायरीला गेला, आणि ओवीला जागे करणारा हाताचा फेरा नाहीसा झाला, हेही तितकेच खरे.

४. तिथी आणि हाताचे माप

नित्यकर्मांप्रमाणे वर्षाची आवर्तनेही स्मृतीला धरून ठेवतात. पितृपक्षातील पान आणि त्यावर आवर्जून वाढलेला मृताच्या आवडीचा पदार्थ सर्वपरिचित आहे. लातूर व धाराशिव या भागांत यापेक्षा विशेष असा सण म्हणजे वेळअमावस्या, लोकांच्या बोलीत येळवस. कडब्याच्या कोपीत पूजा मांडून कुटुंब शेतात जेवते. भज्जी, बाजरीचे उंडे व आंबील ही त्या दिवशीची ठरलेली पक्वान्ने. हे पदार्थ कोणी तोळामाशाने करीत नाही. मुठीच्या आणि चिमटीच्या अदमासाने करतात, आणि तो अदमास सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे जातो. आंबील चाखून ‘अगदी थोरल्या बाईंच्या हातची’ असे कोणी म्हणाले, म्हणजे स्मरणाचा विधी पार पडला.

५. घरच नाहीसे झाले तर

या सर्व साधनांना आश्रय देणारी वस्तू म्हणजे घर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती व माळवदे यांखाली दडपून गेली. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. नवी घरे भूकंपाचा विचार करून बांधली, हे योग्यच होते. परंतु सरळ रस्त्यांच्या आखणीत जुन्या गल्ल्या व वाडे राहिले नाहीत. भिंतीच्या जाडीत असलेल्या देवळ्या, कोनाडे, बळदे यांनाही जागा उरली नाही. दिवा अमक्या देवळीत, बापाची काठी तमक्या कोपऱ्यात, या सवयीच्या खुणा एका पहाटेत पुसल्या गेल्या. आप्त आणि आप्तांची आठवण देणाऱ्या वस्तू एकाच वेळी हरपल्या, हे या आपत्तीचे रूप मृतांच्या मोजदादीत येत नाही.

६. संग्रह आणि नोंद

अशा वस्तूंचा संग्रह केल्याने प्रश्न सुटेल काय? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकाची भांडी अशा नित्योपयोगी वस्तू दिनकर केळकर यांनी जन्मभर वेचल्या, त्या संग्रहाला बालवयात निवर्तलेल्या आपल्या पुत्राचे नाव दिले आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. परक्यांच्या घरांतील वस्तू एका पित्याच्या दुःखाचे स्मारक झाल्या. तथापि त्या ज्यांच्या हातांत झिजल्या, त्यांची नावे वस्तूंबरोबर आपोआप येत नाहीत, ही कोणत्याही संग्रहालयाची स्वाभाविक मर्यादा होय.

प्रस्तुत लेखकाच्या मुरुड येथील घरी आजीची एक पितळी घागर होती. ओसरीवरील जागा अडते म्हणून ती घरच्यांनी मोडीत दिली; वजन झाले, हिशेब झाला. तिच्या गळ्याशी दोन ओळींचा लेख होता. त्यात आजीच्या माहेरचे नाव होते असे वडील म्हणत, आजोळच्या गावाचे होते असे आत्या म्हणत. दोघांपैकी आता कोणी हयात नाही, आणि तो लेख उतरून घेण्यास लागली असती ती अवघी पाच मिनिटे कोणी दिली नाहीत. या लेखाची प्रेरणा त्या पाच मिनिटांत आहे, हे मान्य केले पाहिजे.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते की, त्यांनी प्रथम आपल्याच घरापासून आरंभ करावा. प्रत्येक वस्तूबाबत चार गोष्टी टिपाव्या : वस्तूचे स्थानिक नाव व त्यावरील लेख, जसाच्या तसा, अशुद्धांसह, ती कोणी कशी वापरली, वापरताना काय बोलले वा गाइले जाई, आणि ही माहिती सांगणाऱ्याचे वस्तूच्या मूळ धन्याशी वा धनिणीशी नाते काय. माहिती शक्यतो वस्तू हाती देऊनच विचारावी. नुसत्या प्रश्नाने जे आठवत नाही ते घागरीचा काठ हाताला लागताच आठवते. कुटुंबाची अनुज्ञा घेणे, आणि जे खाजगी म्हणून सांगितले ते खाजगी ठेवणे, हे सांगावयास नकोच.

वस्तू मोडीत जाणार, वाकळा विरणार, जाती पायरीला लागणार. ते कोणाला थांबविता येणार नाही, आणि सर्वच थांबवावे असेही नाही. ती जाण्यापूर्वी सांगणारे माणूस आणि सांगितली जाणारी वस्तू एकत्र असताना त्यांच्यापाशी बसणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.