स्वतःचा जाळ सांभाळणारी शेगडी

चूल पेटविणे फारसे अवघड नाही. परंतु ती दोन-अडीच तास एकाच आचेवर राखणे अवघड आहे, हे घरातील कोणतीही वडीलधारी बाई सांगेल. भरताची वांगी भाजावयाची असोत की बाट्या शेकावयाच्या असोत, कोणीतरी जवळ बसून जळण पुढे सारावे, मागे ओढावे, मधूनच फुंकणी हाती घ्यावी, असा क्रम चालतो. हे जवळ बसणे यंत्राकडे सोपविता येईल काय? पेलेटची शेगडी आणि तिचा नियंत्रक हे या प्रश्नाचे उत्तर होय. असा नियंत्रक आम्ही यंदा शाळेत मुलांच्या साहाय्याने तयार केला. माधवगंजातील पुष्कळ घरांतून त्याविषयी विचारणा झाली, यास्तव त्याची रचना येथे सांगत आहोत.

लाकडाचा भुसा अथवा पिकांचा काडीकचरा बारीक दळून साच्यातून दाबून काढला म्हणजे ज्या कांड्या मिळतात त्यांस पेलेट म्हणतात. त्यांची जाडी बहुधा ६ ते ८ मिलिमीटर असते व लांबी बोटाच्या पेराएवढी. दाबाने भुसा तापतो, वनस्पतीतील लिग्निन हे द्रव्य मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. सर्व कांड्या सारख्या व कोरड्या असल्याने त्या मोजून टाकता येतात, हा त्यांचा मोठा गुण. फाट्यांचा असा हिशेब कोणास करता येणार? आमच्या भागात तर कच्च्या मालाची वाण नाही. मुरैना व भिंड हे जिल्हे मोहरीसाठी प्रसिद्ध आहेत आणि मोहरीच्या काड्या गुरे आवडीने खात नाहीत.

अमेरिकेतील ओरेगन राज्यात जो ट्रेगर यांनी अशा कांड्यांवर चालणारी भाजण्याची शेगडी तयार करून १९८६ साली तिचे एकस्व मिळविले. तिची रचना शेतकऱ्याच्या मुलास चटकन समजेल. पाभरीला जसे चाडे असते तसे एका बाजूस कांड्यांचे चाडे. त्याच्या तळाशी आडवे मळसूत्र. मळसूत्र फिरले की कांड्या पुढे सरकून एका लहानशा लोखंडी वाटीत पडतात, तेथे त्या जळतात, आणि पंखा त्यांस वारा पुरवितो. प्रारंभीचे नियंत्रक केवळ घड्याळासारखे होते. काही सेकंद मळसूत्र फिरवावे, मग काही काळ थांबवावे, पुन्हा फिरवावे. बाहेर थंडी आहे की वारा सुटला आहे, याची त्यांस दाद नसे.

आता समजा, १२० अंश सेल्सियस उष्णता राखावयाची आहे आणि तापमापक १०० दाखवीत आहे. भोळा उपाय असा की, १२० होईपर्यंत मळसूत्र फिरवावे आणि मग थांबवावे. परंतु पडलेली कांडी तत्क्षणी जळून जात नाही. तिला पेट घेण्यास आणि लोखंड तापण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून मळसूत्र थांबल्यावरही उष्णता १४०-१५० पर्यंत चढत जाते. पुढे ती उतरू लागली म्हणजे नवी कांडी पेट घेईतो शंभराच्या खाली येते. झोका एकदा सुरू झाला की थांबत नाही.

कोकणात चुलीपुढे बसून करवंट्या व चुडते जाळणारी आजी असे करीत नाही. आच किती कमी आहे, हे ती पाहतेच. शिवाय बराच वेळ आच कमीच राहिली आहे काय, हे तिच्या ध्यानात असते. तसे असेल तर ती नेहमीपेक्षा एक तुकडा अधिक सारते. आणि जाळ झपाट्याने वाढू लागलेला दिसताच, भांडे पुरते तापण्याआधीच, ती जळण मागे ओढते. आताची तूट, आजवर साचलेली तूट आणि बदलाचा वेग ही तिन्ही मापे ती न मोजता मोजते. १९२२ साली निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने जहाजाचे सुकाणू आपोआप चालविण्याचे गणित मांडले, तेव्हा त्याने निष्णात सुकाणूवाल्यांच्या वर्तनात हीच तीन मापे पाहिली होती. आज कारखान्यांतील असंख्य भट्ट्या याच त्रयीवर चालतात. आमच्या मते आजीचा मान यात मिनोर्स्कीहून कमी नाही.

नियंत्रकाचा मेंदू म्हणजे तळहाताहून लहान असा संगणकीय फलक. इटलीत २००५ साली निघालेला आर्डुइनो किंवा इंग्लंडात २०१२ साली आलेला रास्पबेरी पाय ही नावे मुलांच्या कानांवर असतीलच. आम्ही ईएसपी-३२ घेतला, कारण त्यात वायफाय असल्याने उष्णतेचा आकडा मोबाइलवर पाहता येतो. वीस सेकंदांचा एक फेरा धरला. प्रत्येक फेऱ्याच्या आरंभी फलक तिन्ही मापे काढतो, प्रत्येकास आपापल्या गुणकाने गुणून बेरीज करतो, आणि त्या बेरजेवरून वीसपैकी किती सेकंद मळसूत्र फिरवावयाचे ते ठरवितो. ही संख्या तीनच्या खाली जाऊ द्यावयाची नाही, नाहीतर जाळ विझतो. गुणक मात्र पुस्तकातून मिळत नाहीत. ते शेगडीपुढे वही घेऊन बसूनच ठरवावे लागतात. साचलेल्या तुटीस एक मर्यादाही घालावी लागते. झाकण पाच मिनिटे उघडे राहिले तर हिशेबात तूट भराभर साचते, आणि झाकण मिटल्यावर यंत्र ती व्याजासह वसूल करू लागते!

उष्णता मोजण्यासाठी प्लॅटिनमची तार वापरली. शून्य अंशास तिचा विद्युत्-रोध १०० ओहम, तर शंभर अंशांस १३८.५ ओहम असतो. म्हणजे जोडतारेत एका ओहमची भर पडली तरी अडीच अंशांची चूक होते; म्हणून तीन तारांची जोडणी करून ती चूक वजा करावी. मोटार व पंखा दोन्ही १२ व्होल्टचे घेतले. घरातील २३० व्होल्टची वीज मुलांच्या हाताशी येऊ नये हे एक कारण. वीज गेली तरी पंखा चालू राहावा हे दुसरे. पेटविण्याचे काम शिक्षकाने कापसाच्या बोळ्याने करावे.

पंख्याचे हे महत्त्व का? पंखा थांबला आणि वाटीत निखारे असले, तर आग मळसूत्रातील कांड्यांवरून उलट्या दिशेने चाड्यापर्यंत सरकू शकते. यास्तव शेगडी बंद करताना आधी मळसूत्र थांबवावे आणि वाटी निवेपर्यंत पंखा चालवावा. दुसरा धोका याहून फसवा आहे. जाळ विझला तर उष्णता उतरते. नियंत्रकास वाटते की जळण कमी पडले, आणि तो कांड्यांचा ढीग रचतो. ढीग धुमसतो, पेटीत धूर कोंडतो, आणि तो एकदम भडकला तर झाकण उघडणाऱ्याचा चेहरा होरपळतो. म्हणून आज्ञावलीत पहिला नियम असा घातला की, दहा मिनिटे जळण टाकूनही उष्णता उतरतच असेल तर मळसूत्र थांबवून घंटा वाजवावी.

तापमापकाची तार तुटली तर काय होईल, हा प्रश्न आम्ही मुलांस मुद्दाम घातला. प्लॅटिनमचा रोध उष्णतेबरोबर वाढतो. तुटलेली तार म्हणजे अपार रोध, म्हणजे फलकास वाटणार अपार उष्णता, आणि जळण थांबणार. स्वस्त थर्मिस्टरचा रोध बहुधा उष्णतेबरोबर घटतो. त्याची तार तुटली की यंत्रास कडाक्याची थंडी भासते व ते कांड्या ओतू लागते. प्लॅटिनमच्या दोन तारा एकमेकींस चिकटल्या तरी तोच अनर्थ. म्हणून अशक्य वाटणारा कोणताही आकडा, मग तो वरचा असो वा खालचा, आला की सर्व थांबवावे. फलक स्वतःच गोठला तर त्यास जागे करणारे पहारेकरी घड्याळ त्याच्यातच असते. ते चालू करावयास मात्र विसरू नये.

यंत्र साधले म्हणजे सर्व साधले असेही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने बीपी या कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची चूल काढली होती. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीने तो व्यवसाय चालविला. तिच्यातही विजेरीवर चालणारा छोटा पंखा होता, धूर अल्प होता, आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील पुष्कळ घरांनी ती घेतली. परंतु कच्चा माल महागला, पेलेटचे भाव चढले, आणि गृहिणी ती चूल सोडू लागल्या. मग कंपनीचे लक्ष उपाहारगृहांकडे वळले. चूल एकदाच घ्यावयाची असते, जळण मात्र रोज. तेव्हा ज्या पालकांस अशी शेगडी करून पाहावयाची असेल त्यांनी आधी पेलेट कोठे, काय भावाने व वर्षभर मिळतील काय, याची चौकशी करावी आणि मगच मोटारीवर पैसा घालावा.

शेगडी अंगणात अथवा गच्चीवरच चालवावी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो व त्यास वास नसतो. काडीकचऱ्याच्या पेलेटची राख लाकडाच्या पेलेटपेक्षा बरीच अधिक पडते, म्हणून वाटी प्रत्येक वेळी, पूर्ण निवल्यावर, साफ करावी. पावसाळ्यात चाडे रिकामे ठेवावे. ओल लागली की कांडी फुगून पुन्हा भुसा होते, मळसूत्रात तो भुसा सिमेंटासारखा बसतो, आणि मग मळसूत्र बाहेर काढून खरवडण्यावाचून गत्यंतर राहत नाही.