कुंपणावरची अळी : आधी ओळख, मग उपाय

पावसाळ्यात बंगल्याच्या कुंपणालगतची तगर हिरवीगार होते आणि एखाद्या सकाळी तिच्या फांद्या अचानक बोडक्या दिसतात. माळी लगेच फवारणीचा पंप मागतो. श्रावकाच्या घरी खरा प्रश्न येथेच उभा राहतो. अळी हा त्रस जीव आहे आणि जाणूनबुजून केलेला त्याचा घात ही संकल्पी हिंसा होय. म्हणून औषधाची बाटली उघडण्यापूर्वी अळी कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे.

तगरीखाली काळपट, जाडसर लेंड्या पडलेल्या असतील, तर वर बहुधा हॉक मॉथ या पतंगाची अळी असते. ती बोटाएवढी जाड व हिरवी असते. डोक्यामागे डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके, कुशीवर पांढरी रेघ आणि शेपटीकडे पिवळसर शिंग ही तिची खूण. हे शिंग टोचत नाही. कण्हेरीवरील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, मऊ काळ्या तंतूंच्या चार जोड्या असलेली अळी ‘कॉमन क्रो’ या फुलपाखराची असते. लिंबू किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळीही फुलपाखराचीच होय. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नये. त्यांच्या केसांनी खाज सुटते.

ही ओळख दयेसाठीही आवश्यक आहे. हॉक मॉथची अळी तगर, कण्हेर, सदाफुली अशा मोजक्याच झाडांवर जगते. तिला उचलून हिरवळीवर टाकणे म्हणजे उपाशी मारणेच. हलवायचीच असेल, तर बसलेल्या पानासह डहाळी कापावी आणि त्याच जातीच्या, आडबाजूच्या झाडावर अलगद ठेवावी. कण्हेरीचा चीक विषारी असल्याने नंतर हात धुवावेत.

हिरवी अळी तपकिरी होऊन खाली उतरू लागली, की तिचे खाणे संपलेले असते. आता ती पालापाचोळ्यात कोष करते. अशा वेळी कुंपणाखालचा पाला झाडून जाळला, तर फवारणी टाळूनही हिंसा घडते. तेवढी जागा काही आठवडे तशीच राहू द्यावी आणि माळ्यालाही तसे समजावून सांगावे.

मुळे सशक्त असलेल्या तगरीला पुन्हा पालवी फुटते. कुंपण काही दिवस विरळ दिसेल, एवढीच काय ती हानी. चातुर्मासातील यतना स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर थांबत नाही. ती फाटकाबाहेरच्या तगरीपर्यंत पोहोचावी.