वजनाचा ठिपका आणि घराण्याची चण

कामशेतहून पवन मावळाकडे जाणाऱ्या प्रवाशाची नजर साहजिकच बेडशाच्या डोंगरातील दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्यांकडे लागलेली असते. पायथ्याच्या गावांत आईबापांना मुलांच्या प्रकृतीविषयीचे ज्ञान कोठून प्राप्त होते, याची चौकशी करण्याचे त्यास प्रयोजन पडत नाही. वास्तविक ती चौकशी मोठी उद्बोधक आहे. आजी, शेजारीण, दुकानातील डब्यांवरचा मजकूर आणि आता मोबाइल, असे अनेक ओहोळ एकाच घरात येऊन मिळतात, आणि सर्वांचे पाणी सारखेच निर्मळ असते असे नाही. सहा महिने पुरे झालेल्या बाळाला इंद्रायणीचा गुरगुट्या भात भरवावा, हा आजीचा उपदेश शास्त्राला मान्यच आहे. परंतु जन्मताच मध चाटविण्याचा तिचा आग्रह मान्य नाही, कारण मधात क्वचित आढळणारी जंतुबीजे वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यांत रुजून घातक विष निर्माण करू शकतात.

यांपैकी कोणाच्याही हाती माप मात्र नसते. ते अंगणवाडीच्या दप्तरी असते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेने गावोगाव जी एक गोष्ट रुजविली, ती म्हणजे महिन्याच्या वजनाची नोंद. झोळीत बसविलेले मूल पाय झाडते, काटा थरथरतो, तो स्थिर होईपर्यंत सेविका थांबते आणि मग तक्त्यावर एक ठिपका पडतो. एकटा ठिपका फारसे सांगत नाही. ठिपके जोडणारी रेषा वर चढते आहे की आडवी झाली आहे, हे पाहावयाचे असते. रेषा हिरव्या पट्ट्यात असूनही आडवी झाली, तर मूल पिवळ्या पट्ट्यात उतरण्यापूर्वीच ती इशारा देते.

त्यावर घरचा जबाब ठरलेला: “आमच्याकडं सगळ्यांचीच चण बारीक!” या कैफियतीचा निकाल जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांनी बव्हंशी लावला आहे. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका येथील, आईचे दूध व निरोगी परिस्थिती लाभलेल्या सुमारे ८,५०० मुलांची मापे १९९७ ते २००३ या काळात घेतली असता, वंश आणि हवापाणी भिन्न असूनही पाच वर्षांपर्यंतची त्यांची वाढ आश्चर्यकारकरीत्या सारखी निघाली. घराण्याघराण्यांतील फरकासाठी पट्टा मुळातच रुंद ठेवलेला आहे. त्याच्या खाली गेलेल्या मुलाचे खापर आजोबांच्या बांध्यावर फोडता येत नाही.

अडचण आहे ती वेगळीच. ऐन लावणीत आई चिखलात उभी असते, त्याच दिवसांत जुलाबाने मुलांची वजने घटतात, आणि मूल कडेवर घेऊन अंगणवाडीत येते ती आजी. तेव्हा रेषेचा अर्थ समजावून द्यावयाचा तो तिलाच, आणि रजिस्टरे भरण्याची घाई सुरू होण्यापूर्वी.