बदलीचा हुकूम येत नाही, बदली मागावी लागते

आपल्या घरांतील मागील पिढीने नोकरी केली ती बहुधा रेल्वेत, बेस्टमध्ये, महापालिकेत, पोस्टात किंवा आयुर्विमा महामंडळात. तेथे बदली म्हणजे वरून आलेला हुकूम. कागद हाती पडला की माणूस निमूटपणे नव्या जागी हजर होई; फारच गैरसोय असेल तर युनियनच्या पुढाऱ्याला गाठी. स्वतःहून बदली मागणाऱ्याकडे मात्र लोक जरा संशयाने पाहत.

आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील आपली मुले-मुली बी.कॉम., बी.एम.एस., इंजिनीअरिंग करून परदेशी इन्व्हेस्टमेंट बँकांच्या कचेऱ्यांत जाऊ लागली आहेत. गोरेगावला निर्लॉन कंपनी जेथे नायलॉनचा धागा काढीत असे, तेथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. मालाडचे माइंडस्पेस आणि पवईचे हिरानंदानी येथेही तेच चित्र. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि पूर्वेकडच्या मुलांना पश्चिमेचा प्रवास सोपा झाला. नोकरी लागते, पेढे वाटले जातात. वर्ष-दीड वर्षाने त्याच घरात एक निराळाच प्रश्न उभा राहतो. मुलगी म्हणते, "मला दुसऱ्या टीममध्ये जायचं आहे." आई घाबरून विचारते, "का गं, साहेब त्रास देतात का? पगार कमी होणार का?"

याचे उत्तर घरात कोणाकडेच नसते, कारण या कचेरीची पायरी चढणारी घरातली ही पहिलीच मुलगी असते. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

बँकेच्या आत काय असते?

ही आपल्या पासबुकाची बँक नव्हे. कंपन्यांसाठी भांडवल उभे करणे, एका कंपनीने दुसरी विकत घेताना सल्ला देणे, मोठ्या गुंतवणूकदारांसाठी शेअर्स, रोखे व परकीय चलनाचे सौदे करणे हा तिचा धंदा. कामाचे ढोबळ तीन भाग असतात. गिऱ्हाइकाशी बोलणारे व सौदा करणारे ते फ्रंट ऑफिस. सौद्याची नोंद, त्यातील नफा-तोटा व जोखीम तपासणारे ते मिडल ऑफिस. पैसे आणि शेअर्स प्रत्यक्ष या हातातून त्या हातात पोचले की नाही हे पाहणारे ते बॅक ऑफिस. उपनगरांतील या कचेऱ्यांत पुष्कळसे काम शेवटच्या दोन भागांचे व संगणक विभागाचे आहे, आणि आपली बहुतेक मुले तेथूनच सुरुवात करतात.

मागचे काम हलके, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. भारतात २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअर्सचे सौदे पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरे करावे लागतात. अमेरिकेने हाच नियम २८ मे २०२४ पासून लागू केला. पूर्वी चूक शोधायला दोन दिवस मिळत, आता एकच मिळतो. न्यूयॉर्कच्या बाजाराशी बांधलेली मुलगी रात्री उशिरा घरी का येते, याचे कारण हे आहे.

केव्हा मागावी?

बहुतेक मोठ्या बँकांत रिकाम्या जागा आधी आतल्या नोकरांसाठी जाहीर होतात. अर्ज करण्यापूर्वी एका जागेवर ठरावीक काळ, साधारणपणे १२ ते १८ महिने, काढलेला असावा लागतो. आपल्या बँकेचा नेमका नियम काय, तो एच.आर.कडून लेखी समजून घ्यावा. फार लवकर उठलेला माणूस कामात टिकत नाही असा शिक्का बसतो. उलट चार-पाच वर्षे एकाच खुर्चीत बसला तर पगार वाढलेला असतो, अनुभव मात्र एकाच कामाचा असतो. मग त्याच पगारात नवे काम शिकवायला कोणी तयार होत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे महत्त्वाची.

वर्षअखेरीचा कामाचा आढावा आणि बोनस यांचाही हिशेब ठेवावा. ऐन वर्षाच्या मध्यावर टीम बदलली तर नव्या साहेबाला तुमचे जुने काम ठाऊक नसते. जुन्या साहेबाकडून तोपर्यंतच्या कामाचा अभिप्राय लेखी नोंदवून घ्यावा, म्हणजे सहा महिन्यांची मेहनत वाया जात नाही.

कोठून कोठे जाता येते?

दरवाजे आहेत, पण सगळे सारखे उघडत नाहीत. सौदे पुरे करणाऱ्या सेटलमेंटमधून सौद्यांची नोंद सांभाळणाऱ्या टीममध्ये, तेथून रोजचा नफा-तोटा काढणाऱ्या प्रॉडक्ट कंट्रोलमध्ये जाता येते. हिशेबांची जुळवणी करणारा फायनान्समध्ये जाऊ शकतो. गिऱ्हाइकाची ओळख-कागदपत्रे तपासणारी मुलगी कम्प्लायन्समध्ये किंवा कर्जाची जोखीम पाहणाऱ्या विभागात जाऊ शकते. बॅक ऑफिसमधून थेट सौदे करणाऱ्या टेबलावर उडी मारणे मात्र कठीण. ते अशक्य नाही, परंतु त्या आशेवर घराचे कर्ज काढू नये.

प्रत्येक पायरीला काहीतरी शिकावे लागते. एक्सेल पक्के हवे, एस.क्यू.एल. किंवा पायथॉन येत असेल तर उत्तम. जोखमीच्या कामासाठी एफ.आर.एम., गुंतवणुकीच्या विश्लेषणासाठी सी.एफ.ए. या परीक्षांना मान आहे. सेबीने स्थापन केलेल्या एन.आय.एस.एम. या संस्थेच्या परीक्षा त्या मानाने स्वस्त आहेत. सुरुवात तेथून करता येईल.

कशी मागावी?

ज्या टीममध्ये जायचे तेथील, आपल्याहून दोन वर्षे जुन्या माणसाला आधी भेटावे. "जागा आहे का?" हे विचारू नये. "तुमचा दिवस कसा जातो, कोणत्या कामात सर्वात जास्त वेळ जातो?" असे विचारावे. परवानगी मिळाल्यास एक-दोन तास शेजारी बसून काम पाहावे. त्यानंतरही जावेसे वाटले तरच अर्ज करावा.

अर्ज आपल्या साहेबाच्या कानावर दुसऱ्याकडून जाण्याआधी आपण स्वतः सांगावे. सांगताना गाऱ्हाणे नको. येथे काय शिकलो, पुढे काय शिकायचे आहे आणि माझे काम मी कोणाला समजावून देईन, एवढे तीन मुद्दे पुरेत. चालू कामाची टिपणे लिहून ठेवलेल्या माणसाला सोडणे साहेबाला सोपे जाते. साहेबाकडून खरोखरच अपमान किंवा छळ होत असेल तर तो विषय निराळा. त्याची तक्रार तारीखवार लिहून योग्य ठिकाणी करावी. बदलीच्या अर्जात ती मिसळू नये.

जुनी किल्ली परत द्यावी लागते

टीम बदलली की जुन्या संगणक-प्रणालीचा प्रवेश बंद व्हायला हवा. काही मुलांना हा अविश्वास वाटतो. त्यामागे इतिहास आहे. १९९५ साली बेअरिंग्ज ही दोनशे वर्षांहून जुनी ब्रिटिश बँक बुडाली. सिंगापूरला निक लीसन हा एकच माणूस सौदेही करीत होता आणि त्यांच्या हिशेबाचे कामही त्याच्याच हाती होते. तोटा झाला ८२ कोटी ७० लाख पौंडांचा. फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेत जेरोम केरव्हिएल मिडल ऑफिसमधून २००५ साली सौद्यांच्या टेबलावर गेला. तपासणी कशी होते हे त्याला आतून माहीत होते. २००८ साली बँकेला ४९० कोटी युरोंचा फटका बसला.

म्हणून नव्या जागी गेल्यावर जुना प्रवेश चालू राहिलेला दिसला तर आपणच तो बंद करायला सांगावे. तसेच एका टीममध्ये कळलेली गिऱ्हाइकाची गुप्त माहिती दुसऱ्या टीममध्ये उच्चारू नये. कंपन्यांना सल्ला देणारे आणि शेअर्सवर मत लिहिणारे यांच्यामध्ये तर कायद्यानेच भिंत घातली आहे. घरी मामा-काकांनी "कोणता शेअर घेऊ?" असे विचारले तर हसून नाही म्हणावे. नोकरी तेवढ्यावरही जाते.

ओळख नसलेल्यांनी काय करावे?

खाजगी बँकेत आरक्षण नाही. जागेची जाहिरात सर्वांना दिसते. परंतु "अर्ज कर, मी बोलतो" हा निरोप ज्याची आधीच ऊठबस आहे त्याला येतो. ज्याचे काका, मेहुणे, कॉलेजचे मित्र त्याच धंद्यात आहेत, त्याची वाट सोपी. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचे काम सुरू केले होते. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ते काम बंद पडले. त्याच बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आज दार इतक्या उघडपणे बंद होत नाही. आडनाव विचारून संभाषण थंड पडते, एवढेच. त्यावर लेखी काम हा एक उपाय आहे. महिन्यात किती चुका शोधल्या, किती तास वाचवले, याची नोंद प्रत्येकाने स्वतः ठेवावी आणि आढाव्याच्या वेळी पुढे मांडावी. आकडा आडनाव विचारत नाही.

दुसरा उपाय आपल्या हातात आहे. या बँकांत तीन-चार वर्षे काढलेली आपली मुले-मुली आज प्रत्येक उपनगरात सापडतील. त्यांनी महिन्यातील एक रविवार, विहारातील कार्यक्रमानंतरचे दोन तास, नव्या मुलांना द्यावेत. कोणत्या टीममध्ये काय काम चालते, मुलाखतीत काय विचारतात, एवढे सांगितले तरी खूप झाले. इंग्रजीची भीतीही अशा बैठकीत बोलून बोलूनच जाते.

पालकांसाठी

टीम बदलणे म्हणजे नोकरी सोडणे नव्हे. बँक तीच, पगारही बहुधा तोच राहतो. लगेच बढती मिळाली नाही म्हणून मुलाला टोचून बोलू नये. पहिले सहा महिने तो पुन्हा शिकाऊ होतो, चुकतो, उशिरा येतो. आणि एकाच टीमच्या भरवशावर राहणे हेही सुरक्षित नसते. २००८ साली अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा तिचे पवईतील कामकाज जपानच्या नोमुराने घेतले. न्यूयॉर्कला घेतलेल्या निर्णयाने पवईतील नोकरी हलते. ज्याला दोन-तीन प्रकारची कामे येतात, त्याला अशा वेळी दुसरी जागा शोधणे सोपे जाते.

मुलीने बदलीचा विषय काढला तर "साहेब त्रास देतात का?" हे जरूर विचारा. त्यानंतर एवढेही विचारा : "नवीन काम काय आहे, मला समजावून सांग." जी मुलगी आपल्या आईला ते साध्या मराठीत सांगू शकते, तिची मुलाखतीची अर्धी तयारी तेथेच होते.