जुनाट दुखण्याच्या कुत्र्याला काय खाऊ घालावे



आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कुत्र्यावाचून वस्ती क्वचितच दिसेल. रात्री कांदा चाळ राखायची, शेळ्या-मेंढरांवर लक्ष ठेवायचे, परका माणूस बांधावर आला की भुंकून कळवायचे, ही कामे ते बिनपगारी करते. गाय आजारी पडली की आपण त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. कुत्रे मात्र महिना-महिना खंगत राहते, आणि मग जो तो येऊन उपाय सांगतो. कोणी म्हणतो कच्ची कलेजी द्या, कोणी म्हणतो लसूण चारा, कोणी म्हणतो दूध-भाकर बंद करा.

खाण्याने जुनाट दुखण्याला पुष्कळ आधार मिळतो. पण दुखणे कोणते हे कळल्यावाचून खाणे ठरवू नये, कारण एका दुखण्यात जे अन्न औषधासारखे लागू पडते तेच दुसऱ्या दुखण्यात घात करते. रक्त कमी झालेल्या कुत्र्याला शिजवलेली कलेजी चांगली. मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याला तीच कलेजी घातली तर ते आणखी खचते. बाहेरून पाहिले तर दोन्ही कुत्री सारखीच दिसतात: हडकलेली, मलूल, अन्नावर वासना नसलेली.

पोट फुगलेल्या कुत्र्याचेही तसेच. पोटात पाणी झाले असेल तर कारण यकृत असू शकते, हृदय असू शकते किंवा जंतांनी अंगातले सत्त्व ओढून नेलेले असू शकते. तिन्हींचे खाणे वेगळे. म्हणून आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरता आली तर सोबत घ्या. रक्ताची तपासणी सांगितली तर खर्चाला मागेपुढे पाहू नका. महिनाभर चुकीचे खाऊ घालण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

निरोगी कुत्र्याचे खाणे

पुष्कळांना वाटते, कुत्रे लांडग्याच्या जातीचे, त्याला मांसच हवे. ते पूर्ण खरे नाही. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणारा पाचकरस तयार करण्याची कुत्र्याची ताकद लांडग्यापेक्षा बरीच जास्त आहे. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे राहिल्याचा हा परिणाम. तेव्हा मालदांडी ज्वारीची भाकर कुत्र्याला पचते, त्यात काही वावगे नाही.

वावगे आहे ते नुसत्या भाकरीत. भाकर आणि कालवणाचे पाणी एवढ्यावरच वाढलेल्या कुत्र्याला प्रथिने, चुना आणि जस्त कमी पडते. धान्यातला एक घटक जस्ताला धरून ठेवतो आणि ते अंगी लागू देत नाही. मग डोळ्यांभोवती, तोंडाभोवती, पायाच्या गादीवर खपल्या धरतात आणि आपण त्याला खरूज समजून मलम फासत बसतो.

सुमारे १५ किलो वजनाच्या राखणीच्या कुत्र्याला रोज दोन मोठ्या भाकरी (मिळून २०० ग्रॅम पिठाच्या) आणि दोन उकडलेली अंडी, एवढे दोन वेळांत विभागून दिले तर बहुतेक भागते. अंड्याऐवजी तेवढेच शिजवलेले मांस चालेल. अंड्याची टरफले उकळून, वाळवून, बारीक वाटून ठेवा आणि त्यातली अर्धा चहाचा चमचा पूड रोज खाण्यात मिसळा. चुन्याची गरज त्यात भागते. खाली जे फेरफार सांगितले आहेत ते याच हिशोबावर.

मूत्रपिंडाचा आजार

वयस्कर कुत्र्यात हे दुखणे पुष्कळ आढळते. कुत्रे सारखे पाणी पिते, सारखे मुतते, बारीक होत जाते, तोंडाला घाण वास येतो, मधूनच ओकते. येथे एक चूक घरोघर होते. ओट्यावर मुतते म्हणून त्याचे पाणी तोडतात. असे कधीही करू नका. मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही म्हणून ती जास्त होते, आणि गेलेले पाणी भरून काढायला ते पिते. पाणी तोडले तर दोन दिवसांत अंथरूण धरील. उन्हाळ्यात तर त्याच्याजवळ सावलीत भांडे भरलेलेच असू द्या.

या दुखण्यात मुख्य पथ्य फॉस्फरसचे. बिघडलेले मूत्रपिंड तो बाहेर टाकू शकत नाही, तो रक्तात साठतो आणि उरलेसुरले मूत्रपिंडही खराब करतो. हाडे, कलेजी, अंड्याचा पिवळा बलक, दूध यांत फॉस्फरस भरपूर असतो. ज्वारी-बाजरीतही पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त. म्हणून इथे भाकर मागे पडते आणि भात पुढे येतो.

१५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला १५० ते २०० ग्रॅम तांदळाचा मऊ भात, त्यात तीन-चार अंड्यांचा उकडलेला पांढरा बलक, एक-दोन चहाचे चमचे तूप किंवा तेल आणि थोडा शिजवलेला दुधी भोपळा घाला. मीठ घालू नका. हे तीन-चार वेळांत विभागून द्या. पांढऱ्या बलकात उत्तम प्रथिने असतात आणि फॉस्फरस फार थोडा. पिवळा बलक वाया जात नाही, तो घरातल्या माणसांना खाता येतो. टरफलाची पूड मात्र या दुखण्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यावी, आणि हे खाणे महिनोन्महिने चालवायचे असेल तर जीवनसत्त्वांची पूडही त्यांनाच विचारावी.

राखणीच्या म्हाताऱ्या कुत्र्याला रोज चार अंडी, हे ऐकून कोणी हसेल. हसू द्या. गेलेले मूत्रपिंड परत येत नाही, पण असे पथ्य पाळलेली कुत्री न पाळलेल्यांपेक्षा जास्त काळ आणि कमी त्रासात जगतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. घरी चार कोंबड्या असतील तर खर्च तो काय?

उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टो रोगानेही मूत्रपिंड व यकृत बिघडते, आणि तो माणसाला होतो. अशा कुत्र्याचे मूत साफ केल्यावर हात साबणाने धुवा, आणि हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला सांगा.

गोचिडताप आणि रक्त कमी होणे

हिरड्या पांढऱ्याफट, ताप येतो-जातो, कधी नाकातून रक्त. गोचिडे अंगावर असोत वा नसोत, गोचिडतापाची शंका धरावी. यावरचे औषध कधी कधी चार आठवडे द्यावे लागते. आठ दिवसांत कुत्रे उठून बसते आणि मालक औषध सोडतो. मग तेच दुखणे दबून राहते आणि जुनाट होते. औषध पूर्ण करा.

या कुत्र्याला मात्र कलेजी द्या. आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी ३०-४० ग्रॅम, शिजवलेली. बाकी दिवशी अंडी. कलेजीचा मारा केला तर अ जीवनसत्त्व जास्त होऊन नुकसान होते.

कच्ची कलेजी, फुफ्फुस, मुंडी कुत्र्याला कधीच टाकू नका. मेंढपाळ बांधवांनी हे नीट लक्षात घ्यावे. मेंढीच्या काळजावर-फुफ्फुसावर पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेतून भाजीवर, पाण्यात, लेकरांच्या हाताला लागून माणसाच्या पोटात जातात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी धरतात. त्यांना कधी शस्त्रक्रियाच करावी लागते. एखादी मेंढी मान वाकडी करून गोल गोल फिरू लागते, तेही कुत्र्याच्याच दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे. मेंढी कापली की तो भाग अर्ध्या तासाहून जास्त खळखळ उकळा, नाहीतर खोल पुरून टाका. वाड्यावरच्या सर्व कुत्र्यांना पट्टकृमीवरचे औषध वेळच्या वेळी द्या.

खाज आणि केस गळणे

आधी पिसवा, गोचिडे आणि खरजेचे किडे यांचा बंदोबस्त. ते अंगावर असताना खाणे बदलून काही होत नाही. जळके ऑईल किंवा तंबाखूचे पाणी अंगाला चोपडण्याची चाल आहे, ती सोडा. कुत्रे अंग चाटते आणि ते विष पोटात जाते.

किडे गेले तरी कातडी कोरडी, केस निस्तेज, कोंडा फार असे असेल तर आपल्या रानातलीच वस्तू उपयोगी पडते, ती म्हणजे करडईचे तेल. कातडीला लागणारा स्निग्धांश त्यात भरपूर. कच्चेच एक चहाचा चमचा रोज भाकरीवर घाला आणि दोन महिने वाट पाहा. आठ दिवसांत फरक दिसणार नाही.

काही कुत्र्यांना एखादे अन्नच मानवत नाही. अंग वर्षभर खाजते, कान पुन्हा पुन्हा पिकतात. तेव्हा जे आजवर कधी खाल्ले नाही असे एक धान्य आणि एक प्रथिनाचा पदार्थ निवडून आठ आठवडे तेवढेच द्यावे. शेजारच्या घरी खाल्लेला एक घास सगळी परीक्षा वाया घालवतो, म्हणून गड्यापासून पोरांपर्यंत सर्वांना ताकीद द्या.

इतर दुखणी थोडक्यात

जुनाट हगवण असेल तर प्रथम जंत पाहावेत. मऊ भात, ताजे ताक, शिजवलेला तांबडा भोपळा द्या. दूध बंद, कारण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. कुत्रे वखवखून खाते आणि तरी वाळत जाते, असे असेल तर घरगुती उपाय नकोत, पाचकरसाची कमतरता असू शकते. सांधे धरलेल्या जाड कुत्र्याचे वजन उतरवणे हाच मोठा उपाय, भाकर अर्ध्याने कमी करा. हृदयाचे दुखणे असेल तर लोणचे, पापड, सुके खारे मासे तोंडाला लावू नका. साखरेच्या आजारात गूळ, उसाचे कांडे, चहा-बिस्किटे बंद, आणि खाणे रोज ठरल्या वेळी. इन्शुलिनवाचून त्याचे भागत नाही.

कांदा आणि इतर घातक वस्तू

कांदा हे आपल्या जिल्ह्याचे पीक. पारनेर, राहुरी, श्रीगोंदा, घोडेगावचा बाजार, कांदा नाही असे कालवण आपल्याकडे शिजत नाही, आणि उरलेले कालवण कुत्र्याच्या थाळीत जाते. कांद्यातल्या एका द्रव्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला ७५ ग्रॅम, एक मध्यम कांदा. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने त्याचा गुण जात नाही. थोडा थोडा रोज गेला तरी परिणाम साठतो. दोन-चार दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, लघवी काळपट तांबडी होते, आणि तोवर आपण काय खाऊ घातले ते विसरलेलो असतो. लसूण त्याच जातीचा, उलट जास्त तीव्र. जंतांवर म्हणून तो चारू नका. दुखणाईत कुत्र्यासाठी भाजी फोडणीला घालण्याआधीच बाजूला काढावी.

द्राक्षे व बेदाण्याने मूत्रपिंड एकाएकी बंद पडू शकते. शिजवलेल्या हाडांच्या कुसळ्या होऊन आतडे फाडतात. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या तर लंगड्या कुत्र्याला मुळीच देऊ नका, त्यांनी जठरातून रक्त जाते आणि मूत्रपिंड बिघडते.

कुठे आणि कसे द्यावे

आजारी कुत्र्याला अंधार पडण्याआधी खाऊ घाला आणि थाळी उचलून ठेवा. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उघड्यावरच्या खरकट्याला कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या वासाने बिबट्या येतो. अशक्त, साखळीला बांधलेले कुत्रे त्याला आयतेच सापडते. उसाजवळ वस्ती असेल तर ते रात्री घरात किंवा बंद गोठ्यात घ्या.

खाणे एकदम पालटू नका. पहिले दोन-तीन दिवस तीन हिस्से जुने व एक हिस्सा नवे, मग निम्मे-निम्मे, असे करत आठ-दहा दिवसांत पूर्ण नव्यावर या. तोंड लावीत नसेल तर अन्न कोमट करून पाहा, वासाने भूक चाळवते.

मात्र कुत्रे एकाएकी खाणे-पिणे सोडून लाळ गाळू लागले, आवाज बदलला, गिळता येईना, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नका. ते पिसाळण्याचे लक्षण असू शकते. त्याला एकटे कोंडून पशुवैद्यकांना कळवा. कोणाला चावले असेल, ओरखडले असेल किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.