तुमच्या वतीने घेतलेले निर्णय : नम्पायच्या डॉक्युमेंटेशनबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पायथनमध्ये शास्त्रीय आकडेमोड करणाऱ्या बहुतेक प्रोग्रामच्या तळाशी नम्पाय ही लायब्ररी असते. तक्ते हाताळणारी पांडाज, मशीन लर्निंगसाठीची सायकिट-लर्न, खगोलशास्त्रासाठीची अ‍ॅस्ट्रोपाय या सगळ्या तिच्याच आधारावर उभ्या राहिल्या. गुरुत्वीय लहरींच्या नोंदींचं विश्लेषण करताना ती वापरली गेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली कृष्णविवराची पहिली प्रतिमा तयार करतानाही. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टपासून पीएचडीच्या प्रबंधापर्यंत तिचा वापर आता नेहमीचा झाला आहे. तिचं डॉक्युमेंटेशन वाचण्याची सवय मात्र त्या मानाने फार थोड्यांना लागली आहे.

ही सवय का लागायला हवी, याचं कारण सोपं आहे. कोणतीही गणिती लायब्ररी आपल्या वतीने शेकडो बारीकसारीक निर्णय घेत असते : भागायचं कशाने, पूर्णांक किती मोठा धरायचा, पूर्णांकात बदलताना नेमका अर्धा आला तर कोणत्या बाजूला वळायचं. हे निर्णय जिथे लिहून ठेवलेले असतात, ती जागा म्हणजे डॉक्युमेंटेशन. ते न वाचता आलेलं उत्तर आपण प्रबंधात उतरवतो, तेव्हा न पाहिलेल्या निर्णयांखाली आपण आपली सही करत असतो. याबाबतीत वारंवार ऐकू येणारे सहा गैरसमज इथे तपासू.

गैरसमज १ : प्रोग्राम एरर न देता चालला, म्हणजे डॉक्युमेंटेशन उघडायची गरज नाही.

वस्तुस्थिती : एरर आली तर निदान आपण थांबतो. खरा धोका असतो तो निमूटपणे मिळालेल्या आणि दिसायला ठीकठाक असलेल्या उत्तराचा.

२, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घ्या. त्यांची सरासरी ५. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर घेऊन त्याचा वर्ग केला, तर त्या वर्गांची बेरीज ३२ येते. नम्पायच्या ‘एसटीडी’ या फंक्शनला या आकड्यांचं प्रमाण विचलन विचारलं, तर ते २ सांगतं. हेच आकडे पांडाजला दिले, तर उत्तर येतं सुमारे २.१४. यात चूक कुणाचीच नाही. वर्गमूळ काढण्याआधी नम्पाय ३२ ला ८ ने भागते, पांडाज ७ ने. अख्ख्या समूहाची मोजमापं हातात असतील, तर ८ ने भागणं योग्य. मोठ्या समूहातून काढलेला नमुना असेल, तर एक कमी करून भागण्याची संख्याशास्त्रातली रीत आहे. नम्पायच्या पानावर ‘डीडीओएफ’ नावाचा पॅरामीटर दिसतो. तो आपण दिला नाही, तर लायब्ररी शून्य धरते. शून्य आणि एक यांचा अर्थ काय, हे त्याच पानावरच्या ‘नोट्स’मध्ये समजावलेलं आहे. आठ आकड्यांत हा फरक सुमारे सात टक्के पडतो. प्रयोगशाळेत पाचच रीडिंग घेतली असतील, तर तो बारा टक्क्यांच्या आसपास जातो. एरर बार काढणाऱ्या विद्यार्थ्याने हा फरक नजरेआड करून चालणार नाही.

पूर्णांकांचंही तसंच. १०० चा नववा घात म्हणजे एकावर अठरा शून्यं. ३२ बिटांच्या पूर्णांकात तो मावत नाही, आणि नम्पायला त्याच प्रकारात हिशेब करायला सांगितला तर उत्तर येतं उणे १,४८,६६,१८,६२४. हे उदाहरण नम्पायच्या डॉक्युमेंटेशनमध्येच, इशारा म्हणून दिलेलं आहे.

गैरसमज २ : कोड सगळ्यांना खुला आहे. कोड वाचला की डॉक्युमेंटेशन वाचल्यासारखंच.

वस्तुस्थिती : कोडमधून आज काय घडतं ते कळतं. उद्याही तसंच घडेल अशी हमी आहे की नाही, ते कळत नाही.

यादृच्छिक संख्यांचं उदाहरण पाहा. ‘रँडमस्टेट’ ही नम्पायची जुनी पद्धत. तिला तेच सीड, म्हणजे मालिका सुरू करणारा आकडा, दिलं की संख्यांची तीच मालिका मिळावी, म्हणून ती पद्धत गोठवून ठेवली आहे. २०१९ मध्ये १.१७ या आवृत्तीत ‘जनरेटर’ ही नवी पद्धत आली. नव्या कामासाठी हीच वापरा, असं डॉक्युमेंटेशन सांगतं, आणि त्याचबरोबर हेही सांगतं की सुधारणा करताना जनरेटरची मालिका पुढच्या आवृत्तीत बदलू शकते. तुमच्या सिम्युलेशनचे आकडे तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाला जसेच्या तसे मिळायला हवे असतील, तर ही दोन वाक्यं तुमच्या प्रबंधासाठी मोलाची आहेत. कोडच्या ओळी कितीही वाचल्या तरी ती तिथे सापडणार नाहीत.

शिवाय कोड वाचायचा म्हटलं तरी थोडं आत गेल्यावर पायथन संपतं आणि सी ही भाषा सुरू होते. रेषीय बीजगणिताचं बरंचसं काम त्याही पलीकडे, लॅपॅक या जुन्याजाणत्या लायब्ररीच्या पद्धतींवर सोपवलेलं असतं.

गैरसमज ३ : डॉक्युमेंटेशन म्हणजे एक जाडजूड ग्रंथ, पहिल्या पानापासून वाचायचा.

वस्तुस्थिती : ते वेगवेगळ्या गरजांसाठी मुद्दाम वेगवेगळं लिहिलेलं असतं. नम्पायच्या मंडळींनी २०२० मध्ये मांडलेल्या ४४ व्या सुधारणा-प्रस्तावात ही विभागणी स्पष्ट केली. तिच्यामागे डॅनिएले प्रोचिदा यांनी सुचवलेली चौपदरी मांडणी आहे. नवशिक्याला हात धरून नेणारे धडे, ठरावीक काम कसं करायचं ते सांगणाऱ्या कृती, प्रत्येक फंक्शनचा नेमका संदर्भ आणि ‘हे असं का’ याचं विवेचन, असे तिचे चार भाग.

अनेकांची निराशा होते ती चुकीच्या दाराने शिरल्यामुळे. अ‍ॅरे (आकड्यांची क्रमवार मांडणी) म्हणजे काय हे अजून न उमगलेला विद्यार्थी थेट संदर्भाच्या पानावर जातो आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून परत फिरतो. त्याने धड्यांपासून सुरुवात करायला हवी. ज्याला फंक्शन वापरता येतं आणि फक्त खात्री करायची आहे, त्याने सरळ संदर्भाकडे जावं.

संदर्भाच्या पानाचीही एक ठरलेली घडण असते. आधी एका ओळीत काम, मग पॅरामीटर, मग काय परत मिळतं ते, मग ‘हेही पाहा’, नोट्स, संदर्भसूची आणि शेवटी उदाहरणं. नम्पाय आणि तिच्यावर आधारलेल्या सायपाय या लायब्ररीने हा साचा ठरवला आणि पुढे इतर अनेक लायब्ररींनी तो उचलला. एकदा तो डोळ्यांत बसला, की हवी ती ओळ चटकन सापडते. हा मजकूर फंक्शनच्या पोटातच असतो, त्यामुळे इंटरनेट नसलं तरी पायथनला ‘हेल्प’ विचारून तो वाचता येतो.

गैरसमज ४ : शेवटची उदाहरणं फक्त शोभेसाठी असतात.

वस्तुस्थिती : उदाहरण हा दिलेल्या वचनाचा पुरावा असतो. पायथनमध्ये ‘डॉकटेस्ट’ नावाची सोय आहे. डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण खरोखर चालवून, छापलेलं उत्तर आणि आलेलं उत्तर ती ताडून पाहते. नम्पाय आणि सायपायमध्ये उदाहरणांची अशी यांत्रिक तपासणी होते. जिथे उत्तर दर वेळी वेगळं येणं स्वाभाविक आहे, तिथे तशी टीपही असते.

उदाहरणं स्वतः चालवून पाहिली की अनपेक्षित गोष्टीही दिसतात. समान अंतरावरचे आकडे देणारं ‘अरेंज’ हे फंक्शन पाहा. त्याला १ पासून १.३ च्या अलीकडेपर्यंत ०.१ च्या पायरीने आकडे मागितले, तर तीन आकडे यायला हवेत : १, १.१ आणि १.२. प्रत्यक्षात चार येतात, चौथा १.३. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ किंवा १.३ या संख्या तंतोतंत लिहिता येत नाहीत. त्यामुळे १.३ वजा १ हे ०.३ पेक्षा किंचित जास्त भरतं आणि एक पायरी वाढते. अपूर्णांकी पायरी असेल तर ‘लिनस्पेस’ वापरा, असा सल्ला ‘अरेंज’च्याच पानावर दिलेला आहे.

गैरसमज ५ : कोणत्याही आवृत्तीचं डॉक्युमेंटेशन चालतं, आणि आता तर चॅटबॉटला विचारलं की काम होतं.

वस्तुस्थिती : जून २०२४ मध्ये नम्पायची २.० आवृत्ती आली आणि काही मूलभूत नियम बदलले. ३२ बिटांच्या दशांश संख्येत पायथनची साधी दशांश संख्या मिळवली, तर पूर्वी उत्तर ६४ बिटांचं मिळे. आता ते ३२ बिटांचंच राहतं, म्हणजे अचूकता कमी. प्रोग्रामची एकही ओळ न बदलता निकाल बदलू शकतो. काही जुनी नावं तर पूर्णपणे काढून टाकली गेली. म्हणून पानाच्या वर दिसणारा आवृत्तीचा क्रमांक आपल्या संगणकावरच्या क्रमांकाशी आधी जुळवून पाहावा, आणि निकाल लिहिताना तोही नोंदवावा.

चॅटबॉटची मदत जरूर घ्यावी. पण त्याचं ज्ञान जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्यांवर लिहिलेल्या मजकुरातून आलेलं असतं, त्यामुळे काढून टाकलेलं नाव तो बिनदिक्कत सुचवू शकतो. त्याने सांगितलेलं फंक्शन आपल्या आवृत्तीत आहे का आणि पॅरामीटर न दिल्यास ते काय धरतं, हे डॉक्युमेंटेशनच्या पानावर पडताळायला फार वेळ लागत नाही.

गैरसमज ६ : डॉक्युमेंटेशन लिहिणं हे दुय्यम काम आहे, आणि ते तज्ज्ञांनीच करावं.

वस्तुस्थिती : नम्पायचा इतिहास वेगळंच सांगतो. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी नम्पाय उभी केली आणि २००६ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. त्या काळात सविस्तर माहितीचा मुख्य आधार म्हणजे त्यांनीच लिहिलेलं पुस्तक. ते सुरुवातीला विकत घ्यावं लागे, नंतर सर्वांसाठी खुलं झालं. फंक्शनांची स्वतःची पानं मात्र तुटपुंजी होती. ग्रहांचा अभ्यास करणारे प्राध्यापक जो हॅरिंग्टन यांना शिकवताना ही उणीव जाणवली. त्यांच्या पुढाकाराने आणि स्टेफान व्हान डर वॉल्ट यांच्या समन्वयाने २००८ च्या उन्हाळ्यात डॉक्युमेंटेशनची मॅरेथॉन मोहीम उभी राहिली. कुणालाही पान सुधारता यावं आणि इतरांनी ते तपासावं, अशी सोय केली गेली. आज आपण वाचतो त्या पानांचा पाया तेव्हा घातला गेला.

नवशिक्याच्या हातून या कामाला मोठी मदत होते, कारण वाक्य कुठे अडखळतं हे त्यालाच आधी जाणवतं. जाणकाराला ते आधीपासून माहीत असल्यामुळे ती फट त्याच्या नजरेतून सुटते. मराठीतून शिकवण्याचं कामही महाराष्ट्रात झालेलं आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे ध्वनिचित्रधडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आणले.  या कामात भर घालायला आपल्या विद्यार्थ्यांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.

सुरुवात लहान ठेवावी. आपण सर्वाधिक वापरतो ती तीन-चार फंक्शनं निवडावीत, त्यांची पानं नोट्ससकट वाचावीत आणि न दिलेल्या प्रत्येक पॅरामीटरची किंमत लायब्ररी काय धरते ते वहीत लिहावं. निकालाच्या तक्त्याखाली एक ओळ द्यावी : कोणती आवृत्ती, कशाने भागलं, कोणतं सीड. वाचताना एखादं वाक्य संदिग्ध वाटलं, तर लायब्ररीचा कोड जिथे ठेवलेला असतो त्या गिटहबवर तशी सूचना नोंदवावी. मार्गदर्शकांनीही तोंडी परीक्षेत एक प्रश्न जरूर विचारावा : ‘हे उत्तर आलं, पण लायब्ररीने ते नेमकं कसं काढलं?’ ज्याला याचं उत्तर देता येतं, त्याचाच आकडा विज्ञानात जमा धरता येतो.