हिशेब कोणाच्या दारात?

शहरात दंगल पेटली की आधी गावातले फोन वाजू लागतात. कुणाचा मुलगा भिवंडीला यंत्रमागावर असतो, कुणाचा भाऊ धारावीत, कुणाची लेक कुर्ल्याला दिलेली असते. दंगल कशावरून झाली हे गावाला फार मागून कळतं. आधी एकच चौकशी होते, आपला माणूस सुखरूप आहे का? शहरातल्या दंगलींचा इतिहास मात्र आपण वाचतो तो पोलिसांच्या नोंदींतून, चौकशी आयोगांच्या अहवालांतून, पुढाऱ्यांच्या निवेदनांतून. ज्याचं त्या शहरात घर नाही, पक्ष नाही, हातात हत्यार नाही, अशा परगावच्या माणसाला दंगल कशी दिसते, हे त्यात सापडत नाही.

मराठीत याचं एक अस्सल उत्तर आहे, आणि ते झाशीतून आलेलं आहे. रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथले विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली, तेव्हा ऐन तारुण्यातले विष्णुभट आपल्या काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले. कर्ज फेडावं आणि आईवडिलांना गंगोदकानं स्नान घालावं, एवढाच हेतू. महूपर्यंत पोचतात तोच बंडाची वार्ता कानी आली. दक्षिणेसाठी निघालेला हा माणूस पुढे झाशीच्या वेढ्यात अडकला. १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहून काढल्या. सरकारच्या धाकामुळे त्या हयातीत छापायच्या नव्हत्या. गोडसे गेल्यावर, १९०७ साली, ‘माझा प्रवास’ प्रसिद्ध झालं. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांच्या हाती यायला १९६६ साल उजाडलं. तो दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केला.

छावणी एकीकडे, शहर एकीकडे

झाशीचा किल्ला ओरछाच्या बीरसिंह देवानं १६१३ मध्ये बांधला. अठराव्या शतकात तिथे पेशव्यांचे सुभेदार आले आणि त्यांच्यामागून कोकण-देशावरची कुटुंबं आली. नेवाळकरांच्या काळात झाशी हे बुंदेलखंडातलं एक मराठी बेट झालं. राज्यकर्ते, कारभारी आणि विद्वान बरेचसे दक्षिणी. विणकर, कारागीर, शेतकरी आणि शिपाई बुंदेली. गोडशांना तिथे आपली भाषा आणि आपल्या पंगती मिळाल्या त्या या जुन्या नात्यामुळे. पण हे नातं सर्वांना सारखं लाभणारं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. भिक्षुकाला शालजोडी मिळे. त्याच शहरात थंडीनं कुडकुडणारे याचकही होते.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले आणि १८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. राणी लक्ष्मीबाईला महिना पाच हजार रुपयांची नेमणूक ठरली. संस्थानची फौज मोडली, म्हणजे हत्यार चालवण्यापलीकडे दुसरा धंदा न येणारी माणसं एका फटक्यात बेकार झाली. महालक्ष्मीच्या देवस्थानाकडे लावलेल्या गावांचं उत्पन्न सरकारजमा झालं. शहरात गोवधाला मोकळीक मिळाली. राणीनं अर्जांवर अर्ज केले, त्यांचा उपयोग झाला नाही. शहराबाहेर छावणी उभी होती. तिथल्या स्टार फोर्ट नावाच्या लहानशा गढीत खजिना आणि दारूगोळा, आजूबाजूला साहेबांचे बंगले आणि शिपायांच्या बराकी. शहराच्या सुखदुःखाशी छावणीचा संबंध नव्हता आणि छावणीच्या मनात काय शिजतं आहे ते शहराला कळत नव्हतं. एकाच पाण्यावर जगणाऱ्या दोन वस्त्यांमध्ये उठबस उरली नाही की मधली जागा अफवा भरून काढते.

५ जून १८५७ रोजी बाराव्या बंगाल पायदळातल्या शिपायांनी स्टार फोर्ट ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी कॅप्टन डनलॉप मारला गेला. इंग्रज कुटुंबं शहरातल्या किल्ल्यात शिरली. ८ जूनला, जिवाला धक्का लागणार नाही या वचनावर ती बाहेर आली, आणि जोखनबागेत सुमारे साठ माणसं कापली गेली. त्यांत बायका होत्या, मुलं होती. या कृत्याला कोणत्याही स्वातंत्र्याच्या नावाखाली झाकता येणार नाही. बंडवाले शिपाई राणीकडून पैसे उकळून थोड्याच दिवसांत दिल्लीकडे निघून गेले. राणीनं सागर प्रांताचा कमिशनर अर्स्किन याला पत्रं लिहून झालेलं कळवलं, आणि नवी व्यवस्था होईपर्यंत कारभार पाहण्याविषयी त्यानंच तिला लिहिलं. शहर उरलं, लोक उरले, करणारे निघून गेले.

ज्यांनी केलं नाही, त्यांनी भरलं

मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोज झाशीवर आला. वेढा बसला. मदतीला येणाऱ्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेतवेवर पराभव झाला. ३ एप्रिलला फौज तटावरून शहरात उतरली, ४ तारखेच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. त्यानंतर जे घडलं त्याला गोडसे ‘बिजन’ म्हणतात, म्हणजे सरसकट कत्तल. घराघरांत शिरून पुरुष मारले गेले. गवताच्या गंजीत लपलेल्यांच्या गंज्या पेटवल्या. विहिरीत उतरलेल्यांनी डोकं वर काढलं की गोळी. मेलेल्यांचा आकडा पाच हजारांपर्यंत गेला, असं इंग्रज लेखकांनीच नोंदवलं आहे, आणि जोखनबागेचा सूड म्हणून हे झालं हेही त्यांनी लपवलेलं नाही.

गोडशांनी लुटीचं वर्णन केलं आहे ते संसाराची किंमत जाणणाऱ्या माणसाच्या नजरेनं. लूट एकदम झाली नाही, टप्प्याटप्प्यानं झाली. आधी सोनं, चांदी, नाणं. मग तांब्यापितळेची भांडी. मग कापडचोपड, अंथरूण-पांघरूण. मग धान्य. सावकाराचं घर पहिल्या फेरीतच रिकामं झालं. पण ज्याच्याकडे फक्त एक पितळी तांब्या आणि मडक्यात चार शेर ज्वारी होती, त्याचीही पाळी आलीच. सधन माणसाचं पुरलेलं धन एखादे वेळी वाचलं असेल. हातावर पोट असणाऱ्याच्या घरात पुरण्याजोगं होतंच काय? राजवाड्यातला ग्रंथसंग्रहही उद्ध्वस्त झाला, आणि वेदविद्येवर जगणाऱ्या या माणसाला तो घाव माणसांच्या मरणाइतकाच जिव्हारी लागलेला दिसतो.

सूड घेताना एक सोपी युक्ती वापरली जाते. करणारा सापडत नाही, म्हणून त्याच्या गावाचा, जातीचा, धर्माचा, नावाचा जो कोणी समोर येईल त्याच्या दारात हिशेब मागायचा. जून १८५७ मध्ये कंपनीच्या अन्यायाचा हिशेब साहेबांच्या मुलाबाळांकडे मागितला गेला. एप्रिल १८५८ मध्ये शिपायांच्या कृत्याचा हिशेब झाशीच्या विणकराकडे, हलवायाकडे, भिक्षुकाकडे मागितला गेला. जोखनबागेत स्मारक उभं राहिलं. शहरातल्या गल्ल्यांत मेलेल्यांची नावनिशी कुणी ठेवली नाही. सामूहिक शिक्षा ही अशी असते: ती सर्वांना होते आणि कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

गावही धुतल्या तांदळासारखं नाही

हे वाचून गावाकडचा माणूस म्हणेल, शहरंच वाईट. तसं म्हणून गावाला मोकळं होता येणार नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे-नगरच्या गावागावांत हे लोण पसरलं. कापसाचे भाव कोसळले होते, सारा वाढला होता, आणि कोर्टाचा हुकूमनामा घेऊन सावकार जमिनी घशात घालत होता. लोकांचा रोख कर्जरोख्यांवर होता. कागद हाती आले की जाळायचे. माणसं मारण्याचे प्रकार फार थोडे. विषमतेविरुद्धचा राग कागदावर काढायचा, माणसावर नाही, हे भान त्या रागातही बरंचसं टिकलं. म्हणूनच सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला.

१९४८ मध्ये हे भान सुटलं. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला आणि खुन्याच्या जातीचा हिशेब सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या खेड्यापाड्यांत ब्राह्मणांच्या वाड्यांकडे मागितला गेला. पिढ्यान् पिढ्यांचा शेजार एका दुपारी जळाला. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ पेटवला गेला. कुळांच्या मनातला जमिनीचा जुना राग त्या आगीला मिळालेला होता, हे खरं. पण ज्या म्हातारीचं घर जळलं तिनं ना खून केला होता ना खंड वसूल केला होता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’मध्ये हा काळ आला आहे.

आणि १९७८. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलैला विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या गावांत दलित वस्त्या पेटल्या. माणसं मारली गेली, घरं जळाली, विहिरींचं पाणी तोडलं गेलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या वेळी ती ओळखच घर दाखवण्याच्या कामी आली. ओळख असणं पुरेसं नसतं. त्या ओळखीत बरोबरी आहे की पायरी आहे, त्यावर संकटात काय होणार ते ठरतं.

भिवंडीनं काय केलं

जबाबदारीचा विषय निघाला की आपण दंगल झाल्यानंतरचं बोलतो: शांतता फेरी, मदत निधी, निषेध. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या दंगलींत सुमारे नऊशे माणसं मेली. परगावची कामगार कुटुंबं हाताला येईल ते गाठोडं घेऊन रेल्वे स्थानकांवर लोटली. श्रीकृष्ण आयोगानं १९९८ मध्ये अहवाल दिला, जबाबदार कोण तेही सांगितलं, पण शिक्षा फारच थोड्यांना झाली.

त्याच दिवसांत मुंबईच्या शेजारची भिवंडी शांत राहिली. हे शहर मे १९७० मध्ये पेटलं होतं, मे १९८४ मध्ये पुन्हा. यंत्रमागांची गर्दी, भाड्याच्या खोल्यांत दाटीनं राहणारे परप्रांतीय कामगार, दोन समाजांत विभागलेल्या वस्त्या. दंगलीला लागणारं सगळं तिथे होतं. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या. त्यांची रचना पाहण्याजोगी आहे. नेहमीच्या शांतता समितीत पुढारी, व्यापारी आणि मौलवी-महाराज बसतात. दंगल भडकते तेव्हा त्यांच्या गल्लीत दगड पडत नाही. इथे वस्तीतली साधी माणसं घेतली. एका भागातले हिंदू आणि मुसलमान एकाच कमिटीत, आणि त्यांच्याबरोबर त्या भागाची नेमून दिलेली जबाबदारी असलेला पोलीस. बैठकांत धर्मावर व्याख्यानं व्हायची नाहीत. बोलणं नळाच्या, गटाराच्या, भाडेकरूच्या भांडणाचं. लहान तंटे तिथेच मिटू लागले. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडल्याची बातमी आली तेव्हा कुणाकडे जायचं आणि अफवा कुणाकडून खरी-खोटी करून घ्यायची, हे लोकांना आधीच ठाऊक होतं. पुढे मुंबईतही हा धडा गिरवला गेला. मोहल्ला कमिटी चळवळीत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी यांच्यासारखे पोलीस अधिकारी पुढे आले.

एकट्यादुकट्या माणसाच्या धैर्याचं मोलही कमी नाही. १ जुलै १९४६ रोजी अहमदाबादेत रथयात्रेच्या दिवशी दंगल उसळली, तेव्हा मराठी घरातले वसंतराव हेगिष्टे आणि त्यांचे मित्र रजबअली लाखाणी जमावाला अडवायला गेले आणि दोघेही मारले गेले. त्याआधी मार्च १९३१ मध्ये कानपुरात गणेश शंकर विद्यार्थी लोकांना वाचवता वाचवता असेच गेले. अशा माणसांपुढे मान झुकते. पण समाजानं आपली सगळी जबाबदारी चार हुतात्म्यांच्या खांद्यावर टाकावी, हे शोभत नाही.

टोप्या आणि बंड्या

‘माझा प्रवास’मधला एक प्रसंग लढायांच्या वर्णनांत हरवून जातो. कडाक्याच्या थंडीत राणी महालक्ष्मीच्या दर्शनाहून परत येत असताना याचकांचा घोळका आडवा आला. काय मागतात, असं तिनं विचारलं. थंडीनं हाल होतात, पांघरायला काही नाही, असं कळलं. तिनं हुकूम दिला. शहरातले शिंपी बोलावून टोप्या आणि बंड्या शिवून घेतल्या, आणि गोरगरिबांना त्या व घोंगड्या वाटल्या गेल्या.

हे दान होतं, हक्क नव्हता, असं आजचा वाचक म्हणेल, आणि बरोबर म्हणेल. पण त्यातला क्रम पाहा. आधी विचारलं, मग ऐकलं, मग शहरातल्या कारागिरांना कामाला लावलं. पुढे वेढ्यात तटावर गुलाम गौस खानासारखा गोलंदाज उभा राहिला, आणि कोरी समाजातल्या झलकारीबाईची कथा लोकांनी जपली. लोक आपल्या शहरासाठी उभे राहतात ते त्या शहरात आपली विचारपूस होते असं वाटलं तर. ज्याला कालपर्यंत कुणी पाणी विचारलं नाही, त्यानं आज चौकात उभं राहून शांतता राखावी, अशी अपेक्षा कुठल्या तोंडानं करायची?

म्हणून गावच्या माणसाचं शहराला आणि स्वतःच्या गावालाही सांगणं एकच आहे. जबाबदारी दंगलीनंतर वाटून घेता येत नाही. तेव्हा फक्त दोष वाटला जातो. ती आधी बांधावी लागते, आणि विषमता जशीच्या तशी ठेवून ती बांधली जात नाही. ग्रामसभेला दलित वस्तीतली बाई येते का आणि आली तर बोलते का, पाण्याची वेळ सगळ्या आळ्यांना सारखी आहे का, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीला आलेलं कुटुंब आपल्या गावात कुणाला ओळखतं, शहरात गेलेल्या आपल्या पोराच्या वस्तीत दुसऱ्या धर्माचा एक तरी शेजारी त्याला नावानं हाक मारतो का, हे प्रश्न शांततेच्या दिवसांत विचारायचे आहेत. आणि ज्या दिवशी कुणी येऊन सांगेल की त्यांच्यातल्या अमक्यानं असं केलं, त्या दिवशी उलट विचारायचं: त्या अमक्याचं नाव सांगा, त्याच्यावर खटला भरा, आम्ही साक्षीला येतो, पण त्याचा हिशेब त्याच्या भावकीच्या, जातीच्या, धर्माच्या दारात मागायला आमच्या गावातून एकही माणूस येणार नाही. एवढा ठराव प्रत्येक गावानं आणि मोहल्ल्यानं करून तो पाळला, तर दंगलीला लागणारी माणसंच मिळणार नाहीत.